थर्मोस्टॅटची चावी

चेन्नईच्या ऐन मे महिन्यात मी लोकरीचा स्वेटर, पायमोजे आणि कानटोपी घालून काम केलेलं आहे. सांगलीला आईला व्हिडिओ कॉलवर तो अवतार दिसला तेव्हा पोरीला ताप भरलाय असं वाटून तिने बाबांना हाक मारली होती. आणि माझ्यापासून वीस पावलांवर, त्याच हॉलमध्ये, त्याच छताखाली, सेल्वम नावाचे आमचे सीनियर डिझायनर मानेवर ओला रुमाल टाकून बसलेले असायचे. मी कुडकुडत असायचे, ते घामाने निथळत असायचे. आणि आम्हा दोघांच्या बरोबर मधोमध एक उंच, काटकुळे गृहस्थ डोळे मिटून, उजवा तळहात उलटा करून, हवेला हात लावून बघत उभे असायचे. आया पोरांच्या कपाळाला लावून बघतात ना, अगदी तसे.

मला सांगायचंय ते या गृहस्थांबद्दल.

ऑफिसात सगळे त्यांना नुसतं 'सार' म्हणायचे. इकडे 'सर'चं 'सार' होतं. हुद्दा ॲडमिन ऑफिसरचा. म्हणजे रजा, कँटीन, पार्किंग, गळके नळ, आणि सगळ्यांत अवघड खातं म्हणजे एसी. वय सत्तावन्नच्या पुढे. पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं कायम लावलेली, कपाळावर गंधाचा बारीकसा ठिपका. त्यांना घाम आलेला मी कधी पाहिला नाही आणि थंडी वाजलेलीही पाहिली नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "मज काय वाजतें, काय उकडतें, तें मी घरीं ठेवून येतों गे."

हो, मराठीतच म्हणाले. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तो माझा ऑफिसातला पहिला दिवस होता. मी फॉर्म भरत होते आणि डोक्यावरून आवाज आला, "तू मराठी काय गे? कोणतें गांव?"

मी दचकलेच. सकाळपासून कानांवर फक्त तमिळ आणि इंग्रजी पडत होतं.

"सांगली," मी म्हटलं.

"आम्ही तंजावर. येऊन तीनशें वर्षांवर जाहलीं. जेवण जाहलं काय?"

जेवण झालं नव्हतं. ते मला घेऊन कँटीनमध्ये गेले, स्वतःच्या डब्यातलं पिठलं माझ्या भातावर वाढलं आणि समोर बसून माझ्या मराठीची गंमत बघत राहिले. त्यांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या घरातच राहिलेली. 'झालं'ला 'जाहलं', 'मला'ला 'मज', 'काय करतेयस'ला 'काय करूलागलीस'. मध्येच 'सरी', म्हणजे ठीक आहे. मध्येच 'पोदुम', म्हणजे पुरे. चालही तमिळची, वाक्याच्या शेवटी हेल काढणारी. मला ते ऐकताना जुन्या पत्रांतला मजकूर कुणी मोठ्याने वाचतंय असं वाटायचं. त्यांना माझी मराठी 'रेडिओवरली' वाटायची. बाकी सगळ्यांशी ते तमिळमध्ये बोलत. मला पहिल्या वर्षभरात ते बरंचसं कळायला लागलं, म्हणून इथे त्या लोकांचं बोलणं मी सरळ आपल्या मराठीत लिहिते आहे.

आमची कंपनी छोटी. खाली मशिन शॉप, वर डिझाइनचा एकच लांबलचक हॉल, त्यात एकवीस माणसं. गच्चीवर एक मोठा एसी, त्याची हवा छतातल्या पत्र्याच्या डक्टमधून सगळीकडे. आणि या एवढ्या संसाराला भिंतीवर थर्मोस्टॅट एकच, साबणाच्या वडीएवढा. त्याला बोट लावणाऱ्यांची संख्या एकवीस. कुणी जाताजाता दोन अंश खाली आणायचं, त्याची पाठ वळली की दुसरं कुणी तीन अंश वर न्यायचं. शेवटी सारांनी त्यावर काचेसारखी प्लास्टिकची पेटी बसवली, तिला छोटं कुलूप लावलं आणि चावी बांधली स्वतःच्या जानव्याला. चावी हरवायची नाही, हा हेतू. पण जानवं काही फार लांब नसतं. त्यामुळे पेटी उघडायची म्हणजे शर्टाचं दुसरं बटण काढायचं, चावी बाहेर ओढायची आणि भिंतीला गाल लावल्यासारखं चिकटून उभं राहायचं. नव्याने आलेले लोक हे दृश्य बघून आधी गोंधळायचे, मग फोटो काढायचे.

तक्रार मात्र तोंडी करावी लागे. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली तक्रार ते बघायचेच नाहीत. "फोनला हात लावून मज काय कळतें?" असं म्हणायचे. तुम्ही त्यांच्या टेबलाशी गेलात की ते खुर्ची द्यायचे, लांबट रजिस्टर उघडायचे आणि पाच प्रश्न विचारायचे. नेमकं कुठे थंड वाजतंय, मान, हात की पाय? किती वाजल्यापासून? काय खाल्लंत? आज कशाने आलात, बसने, ट्रेनने की गाडीवर? आणि शेवटचा प्रश्न खालच्या आवाजात, "घरी कुणाशी भांडलात का?"

लोक हसायचे. पण उत्तर द्यायचे! मी स्वतः एकदा तिथे एसीची तक्रार करायला गेले आणि घरमालकिणीने गॅस सिलिंडरवरून केलेल्या कटकटीबद्दल दहा मिनिटं बोलून, हलकी होऊन परत आले. जागेवर बसल्यावर लक्षात आलं की एसी आहे तितकाच आहे. सारांनी रजिस्टरात लिहिलं होतं, 'मान. अकरा वाजल्यापासून. उपमा. बस. घरमालकीण.'

"ही तक्रार नव्हे गे," ते मला म्हणाले होते. "ही खबर. मनुष्य आपलं शरीर काय म्हणतें तें येऊन सांगतो. आपण लिहून घ्यावं."

हा त्यांचा नाद ऑफिसपुरता नव्हता. एकदा त्यांच्या भाचीच्या लग्नाला मी मैलापुरात गेले होते. तर हे गृहस्थ हॉलमध्ये फिरून माणसं हलवत होते. पंख्याच्या थेट झोतात बसलेल्या दोन म्हाताऱ्या आत्यांना खांबाआड नेलं. धापा टाकणाऱ्या व्याह्यांना दारापाशी वाऱ्यावर आणून बसवलं. होमापुढे बसून लाल झालेल्या नवरदेवाच्या मागे कुणाला तरी पुठ्ठा घेऊन उभं केलं. अर्ध्या तासात आख्खं लग्न नव्याने बसलं, आणि खरं सांगते, मंडळी एकदम खुशीत बोलायला लागली. मी मामींना, म्हणजे त्यांच्या बायकोला म्हटलं, घरीही असंच करतात का? त्या म्हणाल्या, "घरीं पंख्याचा बटण मजपाशीं असतो."

आता मुख्य गोष्ट.

त्या उन्हाळ्यात आमच्या हॉलमध्ये युद्धच पेटलं. एका बाजूला सेल्वम, पश्चिमेच्या काचेशी बसणारे. अडतीस वर्षांचे, ड्रॉइंगमध्ये त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. रोज आवडी नावाच्या उपनगरातून लोकल ट्रेनने यायचे आणि आल्या आल्या एखादा विनोद फेकायचे. दुसऱ्या बाजूला पद्माक्का, आमच्या अकाउंट्समधल्या, निवृत्तीला आलेल्या, कायम शाल पांघरलेल्या. गंमत म्हणजे नऊ वर्षं ही दोघं जेवायला एकत्र बसत. पद्माक्कांचा दहीभात, सेल्वमची चिंचेची आंबटढाण चटणी, असा त्यांचा जुना करार होता.

त्या वर्षी मात्र सेल्वमला उकाडा सोसेना. दिवसातून सहा-सहा वेळा सारांच्या टेबलाशी जायचे. आवाज चढायचा. विनोद बंद. पद्माक्कांनी आपल्या डोक्यावरच्या, एसीची हवा येणाऱ्या जाळीला जुनं कॅलेंडर चिकटवलं, ते सेल्वमनी खुर्चीवर चढून टराटरा फाडलं. आणि एका दुपारी सगळ्या हॉलसमोर ते त्यांच्यावर ओरडले, "एवढी थंडी वाजत असेल तर गच्चीवर उन्हात टेबल टाका!"

पद्माक्का डबा उचलून बाहेर गेल्या. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद, जेवण वेगळं, आणि हॉलचे दोन तट पडले.

ओरडा मालकांच्या केबिनपर्यंत पोचला होता. ते वर आले. भला माणूस, पण वैतागलेला. म्हणाले, "शनिवारपर्यंत मिटवा. नाही तर मी अर्ध्या लोकांना इरुंगाट्टुकोट्टैच्या प्लँटवर हलवतो. तिथे जागाही आहे आणि पंखेही आहेत."

हॉल गार पडला. इरुंगाट्टुकोट्टै म्हणजे बहुतेकांना जायला-यायला तीन-चार तास. सेल्वमला त्याहून जास्त. पद्माक्कांना तर नोकरीच सोडावी लागली असती. मी नुकतीच जवळ खोली घेतली होती. मालक जिना उतरून गेले आणि सगळ्यांनी सारांकडे पाहिलं.

सार उभे होते. डोळे चमकत होते! एखाद्या पोराला सुट्टी जाहीर झाल्यासारखा चेहरा.

"पूर्ण एक आठवडा दिला," ते मला म्हणाले. "पुष्कळ जाहला!"

सोमवारी ते पाच थर्मामीटर घेऊन आले. साधेच, खोलीत टांगायचे. दोऱ्यांनी छतापासून खाली, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर सोडले, आणि प्रत्येकाला तंजावरकडच्या एकेका नदीचं नाव दिलं. माझ्या टेबलावर वेण्णार आली. सेल्वमच्या बाजूला कावेरी. मला पेन्सिल देऊन त्यांनी सांगितलं, "दर अर्ध्या तासानें फिरून लिही. कोणी हात लावला तर मज सांग."

दुपारी तीन वाजता मी आकडे वाचले आणि दोनदा वाचले. वेण्णार वीस. कावेरी सव्वीस!

एकाच हॉलमध्ये सहा अंशांचा फरक! सगळे उठून धावत आले. जो तो या थर्मामीटरपासून त्या थर्मामीटरकडे पळतोय, मोबाइलवर फोटो काढतोय, मी म्हणत नव्हतो का, असं ओरडतोय. इतके दिवस आम्ही एकमेकांना खोटारडं, नाजूक आणि नाटकी म्हणत होतो, आणि इथे प्रत्येकाचं म्हणणं खरं निघालं होतं. सार मधोमध उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्याच दिवशी माझ्या डोक्यावरच्या जाळीची झडप अर्धी वळवली गेली. मंगळवारी पश्चिमेच्या काचेला जाड पडदे लागले. पण आकड्यांत अजून एक भानगड होती. रोज अकराला आणि चारला, सगळीकडे एकदम पारा घसरायचा. हॉलमध्ये थंडीची लाटच यायची. पेटीला कुलूप, चावी जानव्याला, मग एसी वाढवतंय कोण?

बुधवारी पावणेअकराला सारांनी मला थर्मोस्टॅटसमोर उभं केलं. स्वतः भिंतीशी गेले, तळहात उलटा केला आणि पेटीशेजारी टेकवला. मिनिट गेलं. दोन गेली. मग त्यांनी माझा हात ओढून तिथे लावला.

भिंत कोमट होती.

"पलीकडे काय आहे गे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी विचार करेपर्यंत ते दाराबाहेर होते. मी मागोमाग पळाले. भिंतीच्या पलीकडे पँट्री होती. तिथे त्या पातळ भिंतीला अगदी चिकटवून शेगडी ठेवली होती, आणि एकवीस माणसांच्या फिल्टर कॉफीचं दूध तिच्यावर उकळत होतं. दिवसातून दोनदा. भिंत तापायची, थर्मोस्टॅटला वाटायचं हॉल पेटला, आणि एसी जिवाच्या आकांताने गार हवा सोडायचा.

सारांनी पँट्रीतच मोठ्याने आरोळी ठोकली. मी त्यांना तोवर कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. शेगडी त्याच क्षणी समोरच्या भिंतीला गेली. चार वाजता आम्ही सगळे श्वास रोखून थर्मामीटर बघत होतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पारा जागचा हलला नाही, आणि हॉलमध्ये असा काही जल्लोष झाला की खालून मशिन शॉपची माणसं बघायला आली. मी कानटोपी काढली. पद्माक्कांनी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली. कॉफी आली ती सगळ्यांनी उभ्याउभ्याच घेतली.

सेल्वम तेवढे जागेवर होते. मानेवर ओला रुमाल. "काही फरक नाही," ते म्हणाले. "भट्टी आहे नुसती."

मी कावेरीकडे पाहिलं. चोवीस.

हॉलमधले लोक चिडले. आता हे मुद्दाम करतायत, पद्माक्कांपुढे हार मानायची नाही म्हणून करतायत, असं सगळे बोलायला लागले. मलाही तसंच वाटलं. सारांनी रजिस्टर उघडलं आणि मागची पानं चाळत बसले.

गुरुवारी त्यांनी फर्मान काढलं, आज एक दिवस सगळ्यांनी जागा बदलायच्या. सेल्वमना माझी जागा दिली, हॉलमधली सगळ्यांत थंड. मला त्यांची. दुपारपर्यंत मला त्यांच्या जागी बऱ्यापैकी उकडलं. बाकीच्यांचंही तसंच झालं. जो थंड जागी गेला त्याला थंडी वाजली, जो काचेशी गेला त्याला गरम झालं. आणि सेल्वम वेण्णारखाली बसून घाम पुसत होते. शर्ट पाठीला चिकटलेला.

सार लांबून बघत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"त्याचा हात बघ."

मी पाहिलं. माउसवरचा हात बारीक थरथरत होता. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपराकडे घसरलं होतं.

मग सार पद्माक्कांकडे गेले आणि खुर्ची ओढून बसले. "पद्मा, तू नऊ वर्षं त्याच्याबरोबर जेवलीस. मला सांग, तो जेवतो कसा?"

पद्माक्कांनी आधी तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "आधी अर्धा डबा परत न्यायचा. पोंगलच्या सणानंतर स्वतःचा संपवून माझा संपवायला लागला. आणि तरी उतरतच गेला. मी त्याला म्हटलंही, एवढं खातोस ते जातं कुठे? तर अंगावर आला." मग सारांकडे वळून त्या म्हणाल्या, "तो असा नव्हता, सार."

सार उठले ते सरळ माझ्याकडे आले. त्यांचा आवाज उत्तेजित होता आणि घाबरलेलाही. "एकवीस मनुष्यें. वीस जणांची थंडी-गर्मी खुर्चीबरोबर हलली. ह्याची नाहीं हलली. ह्याची गर्मी हॉलांत नाहींच गे! ती ह्याच्या आंत आहे!"

शुक्रवारी सकाळी त्यांनी सेल्वमना डॉक्टरकडे चला म्हटलं, आणि सेल्वम उसळले. "म्हणजे आता मी आजारी? एसी तुमचा बिघडलेला आणि औषध मी घ्यायचं? सगळ्यांनी मिळून मला वेडा ठरवताय!"

हॉलमधले सगळे माना वर करून बघत होते. सारांनी शर्टाचं दुसरं बटण काढलं, चावी ओढून बाहेर काढली, गाठ सोडवली आणि ती सेल्वमच्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टर म्हणाले की तू ठणठणीत आहेस, तर ही तुझी. मी निवृत्त होईपर्यंत. अठरावर ठेव, सोळावर ठेव, मी विचारणार नाही."

हॉलमध्ये गलका उठला. सोळा! लोक घाबरून पद्माक्कांकडे बघायला लागले. त्या उभ्या राहिल्या. गेले कित्येक दिवस त्या सेल्वमशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांच्याकडे न बघता त्या सारांना म्हणाल्या, "द्या त्याला. मी दोन शाली आणीन. पण आधी त्याला जाऊन येऊ दे."

सेल्वमनी चावीकडे पाहिलं, पद्माक्कांकडे पाहिलं. मग रुमाल टेबलावर आपटला आणि म्हणाले, "चला."

सारांनी मलाही बरोबर घेतलं, आकडे माझ्या अक्षरात होते म्हणून. रिक्षात आम्ही तिघं, मध्ये सेल्वम, आणि सारांच्या मांडीवर रजिस्टर. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काय होतंय विचारलं, तर सेल्वम म्हणाले, "काही नाही." सारांनी रजिस्टर उघडलं आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. कोणत्या तारखेला किती वाजता घाम, काय खाल्लं, झोप लागली नाही असं कधी म्हणाला, छाती धडधडते असं कधी म्हणाला, घरी कुणाशी भांडला. डॉक्टरीणबाई आधी हसत होत्या. दुसऱ्या पानाला त्यांचं हसू थांबलं. त्यांनी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत राहिल्या.

"दोन्ही हात पुढे करा," त्या म्हणाल्या. "बोटं ताठ."

सेल्वमनी हात पुढे केले. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलून त्यांच्या बोटांवर अलगद ठेवला. कागद थरथरायला लागला. वारा नसताना पान हलावं तसा, एकसारखा. सेल्वम त्याच्याकडे बघत राहिले. आपल्याच हातांकडे अनोळखी नजरेने बघणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्यांचा सगळा ताठा उतरला. "सार," ते हळूच म्हणाले, "हे काय आहे?"

सारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "खबर आहे, तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तसं ते म्हणाले. "आली वेळेवर."

रक्ताचा रिपोर्ट शनिवारी आला. थायरॉइडची ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत होती. अंग आतून भट्टीसारखं पेटतं, माणूस चिडतो, खातो आणि वाळतो, आणि हृदय सारखं पळत राहतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी काही महिने असेच गेले असते तर हृदयाला झेपलं नसतं. गोळ्या सुरू करू, बरं वाटायला वेळ लागेल, पण वाटेल.

त्याच दिवशी दुपारी मालक वर आले. हातात इरुंगाट्टुकोट्टैला पाठवायच्या लोकांची यादी होती. सारांनी त्यांना पाचही नद्या फिरवून दाखवल्या. पँट्रीची भिंत दाखवली. शेवटी सेल्वमचा रिपोर्ट दाखवला. मालकांनी तो वाचला, यादीची घडी केली आणि खिशात घातली. "कॉफी मिळेल का?" एवढंच विचारलं.

सेल्वम पद्माक्कांच्या टेबलाशी गेले तेव्हा आम्ही सगळे खोटंखोटं काम करत होतो. त्यांनी माफी मागायला सुरुवात केली. पद्माक्कांनी त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही. "उद्या रविवार," त्या म्हणाल्या. "सोमवारी दहीभात जास्त आणीन. तुझी ती आंबटढाण चटणी आण."

चावी सेल्वमनी स्वतः सारांना परत दिली. सारांनी ती पुन्हा जानव्याला बांधली.

पुढचे महिने सेल्वम गोळ्या घेत होते. पहिले काही आठवडे काहीच फरक दिसेना. सार रोज सकाळी त्यांच्या टेबलाशी जाऊन हवेला लावायचा तो उलटा तळहात त्यांच्या मनगटाला लावायचे आणि रजिस्टरात काहीतरी लिहायचे. सेल्वम आता हात झटकत नसत. हळूहळू ओला रुमाल सुका झाला. मग टेबलावरून दिसेनासा झाला. हात स्थिर झाला. एका सकाळी ते हॉलमध्ये शिरले आणि मशिन शॉपच्या सुपरवायझरवर त्यांनी असा काही विनोद केला की आम्हाला आधी हसायला सुचलंच नाही.

आणि मग तो दिवस आला. बाहेर पावसाळी ढग होते, हॉलमध्ये चोवीस. सेल्वम आपल्या जागेवरून उठले आणि सारांच्या टेबलाकडे निघाले. कितीतरी दिवसांनी. एकवीस टेबलांवरचं काम थांबलं. ते सारांसमोर उभे राहिले, जरा ओशाळे झाले आणि दोन्ही हात एकमेकांवर चोळत म्हणाले,

"सार... एसी थोडा कमी करता का? मला गार वाजतंय."

सारांनी खुर्ची दिली नाही. रजिस्टर उघडलं नाही. पाचांतला एकही प्रश्न विचारला नाही. आयुष्यभर जपून पावलं टाकणारा तो माणूस असा उठला की खुर्ची मागे आडवी झाली. त्यांनी सेल्वमचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, घट्ट, आणि थंड आहेत याची खात्री करून घेतली. मग टेबलावरचा फोन उचलला आणि आवडीला सेल्वमच्या घरी लावला. पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज आला असावा, कारण सार फोनमध्ये एवढ्या मोठ्याने ओरडले की खालची लेथ थांबली.

"अम्मा! घाबरू नकोस, चांगली बातमी आहे! तुझ्या नवऱ्याला थंडी वाजतेय!"

पलीकडे ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. सेल्वम हसत होते आणि डोळे पुसत होते. पद्माक्का आपली शाल घेऊन त्यांच्याकडे निघाल्या होत्या. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या होत्या. सारांनी फोनवर हात ठेवला, माझ्याकडे वळले आणि जणू मला तमिळ कळतच नाही असं समजून मला आपल्या मराठीत पुन्हा सांगितलं,

"त्यास थंडी वाजूलागली गे!"